मार लागला नाही, तरी निळं का पडतं?

प्रश्न असा आहे: "वय ३४. सहा-सात महिन्यांपासून मांड्यांवर आणि दंडांवर निळे डाग उठतात. कुठे आपटल्याचं आठवत नाही. फारसं दुखत नाही, दहा-बारा दिवसांत पिवळं होऊन जातं. सीबीसी, पीटी, एपीटीटी केलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, विसरून जा. मला मात्र ब्लड कॅन्सरची धास्ती वाटते. आणखी कुठल्या तपासण्या करू? डोकं दुखलं की गोळी घेते, बाकी औषध नाही. पाळीत बरंच जातं, पण आमच्याकडे आई, मावशी, सगळ्यांचंच तसं आहे. एकदा दाढ काढल्यावर रात्रभर रक्त थांबलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी जाऊन टाका घालून घ्यावा लागला, पण त्याला आता बारा वर्षं झाली."

या पत्रातली कामाची माहिती शेवटच्या तीन वाक्यांत आहे, आणि लिहिणाऱ्या बाईंना ती जाता जाता सांगावीशी वाटली एवढंच. रक्तविकारांचे रुग्ण तपासण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. माणसं डागांवर बोट ठेवून दहा मिनिटं बोलतात, आणि उठून दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणतात, "हो, मागे एकदा दाढ काढली होती तेव्हा..." मी त्यांना परत बसवते. खरी तपासणी बहुतेक वेळा तिथून सुरू होते. रिपोर्टांची फाइल मी त्यानंतर उघडते.

आधी कॅन्सरचं बोलू, कारण ती भीती डोक्यात असेपर्यंत बाकी काही आत शिरत नाही. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, निळं पडतं, कारण अस्थिमज्जेत रोगट पेशींची गर्दी होते आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, तयार व्हायला जागाच उरत नाही. म्हणजे डाग दिसू लागतात तेव्हा प्लेटलेट घसरलेल्या असतात, बहुधा हिमोग्लोबिनही उतरलेलं असतं, आणि पांढऱ्या पेशी एकतर भलत्याच वाढलेल्या नाहीतर फारच कमी झालेल्या असतात. शिवाय तीव्र ल्युकेमिया सहा-सात महिने गुपचूप बसत नाही. काही आठवड्यांत माणूस खंगतो, ताप येतो, दम लागतो. डाग ताजे असताना काढलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, स्वच्छ असेल, तर ते डाग ल्युकेमियाचे नाहीत हे मी निर्धास्तपणे सांगते.

आता "काही नाही" या उत्तराकडे वळू. ते बरोबरही असू शकतं. मांडी, दंड, पोटरी अशा मऊ जागी अधूनमधून नाण्याएवढा निळा डाग उठणं निरोगी बायकांमध्ये अगदी नेहमीचं आहे. टेबलाचा कोपरा, पलंगाची कड, कडेवरच्या मुलाचे पाय. मार बसलेला असतो, लक्षात राहत नाही इतकंच. असे डाग थोडे असतात, लहान असतात, हातापायांवरच असतात, आणि आयुष्यात दुसरा कुठलाच जास्तीचा रक्तस्राव झालेला नसतो. सगळं अडतं ते या शेवटच्या अटीवर. तुमच्या बाबतीत ती पुरी होत नाही. माझी तक्रार त्या डॉक्टरांच्या निष्कर्षाबद्दल नाही. तो ज्या दोन-तीन कागदांवर उभा आहे, ते कागद तेवढं वजन पेलत नाहीत.

का, ते समजायला रक्त थांबतं कसं हे थोडं पाहावं लागेल. कातडीखालची बारीक नस फुटली की आधी ती आकसते, आणि भोवतालचं कोलॅजनचं जाळं तिला आधार देतं. मग प्लेटलेट भोकाच्या कडांना चिकटतात, एकमेकींना धरतात आणि कच्चा बांध घालतात. त्यानंतर रक्तातली गोठणारी प्रथिनं फायब्रिनचे धागे विणून तो बांध पक्का करतात. आधार सैल पडला, बांध कच्चा राहिला किंवा विणकाम अपुरं पडलं, तिन्ही वेळा कातडीखाली रक्त साकळतं. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, आणि ती डोळ्यांना दिसते.

म्हणून मी सुईआधी कातडी बघते. पहिली गोष्ट, डाग दाबायचा. काचेच्या पेल्याची कड दाबून पाहिली तरी चालते. दाबल्यावर लाली गेली तर रक्त अजून नसांच्या आतच आहे, म्हणजे ते साधं पुरळ. लाली तशीच राहिली तर रक्त नसेबाहेर आलेलं आहे. टाचणीच्या टोकाएवढे, दोन-तीन मिलिमीटरच्या आतले, न दुखणारे लाल ठिपके नडगीवर, घोट्यापाशी, मोज्याच्या इलॅस्टिकखाली दाटीने उठले असतील तर त्यांना पेटेकिया म्हणतात. ती प्लेटलेटची खूण. सावळ्या-काळ्या कातडीवर हे ठिपके सहज निसटतात, म्हणून तोंडातली टाळू, पापणीची आतली बाजू आणि तळपाय उजेडात पाहायचे. आणि तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला, काळसर रक्ताचे फोड दिसले तर मी खुर्चीत सरळ बसते. कातडीवरच्या शंभर ठिपक्यांपेक्षा तोंडातला एक फोड जास्त बोलतो.

ठिपके फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर असतील, आणि आदल्या रात्री जोरात खोकला किंवा उलट्या झाल्या असतील, तर ते दाबामुळे फुटलेल्या नसांचे असतात आणि आपोआप जातात. नडगीवर महिनोनमहिने तिखट भुरभुरल्यासारखे तांबूस-तपकिरी ठिपके असतात, तोही बहुधा कातडीपुरता आजार. रक्ताशी त्याचा संबंध नसतो.

बोट फिरवल्यावर हाताला लागणारे, उंचवट्याचे जांभळे डाग ही वेगळीच जात. इथे प्लेटलेट पुरेशा असतात. सुजलेली असते ती नस. लहान मुलांमध्ये सर्दी-खोकल्यानंतर पायांवर आणि ढुंगणावर असे डाग, सोबत सांधेदुखी आणि पोटात कळ, असं चित्र दिसलं तर तो बहुधा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, ज्याला जुने डॉक्टर हेनॉख-शोनलाइन परप्युरा म्हणतात. डाग काही आठवड्यांत जातात. पण या आजाराचा खरा धोका मूत्रपिंडाला असतो आणि तो दिसत नाही, म्हणून पुढचे सहा महिने लघवी आणि रक्तदाब अधूनमधून तपासत राहावं लागतं. कातडी साफ झाली की आईबाप येणं थांबवतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

आणि तिसरी तऱ्हा, खोल रक्तस्रावाची. स्नायूत मोठी गाठ येते, गुडघा किंवा कोपर गरम होऊन फुगतं, मार लागल्यावर लगेच काही नाही पण काही तासांनी सूज वाढत जाते. कच्चा बांध घातला गेला पण विणकाम झालं नाही, म्हणून तो उशिरा फुटला. हिमोफिलिया असा वागतो. गोठणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात; त्यातल्या फॅक्टर आठच्या कमतरतेचा हिमोफिलिया ए सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो. घरात कुणालाच नाही म्हणून तो नाकारता येत नाही, कारण साधारण एक तृतीयांश रुग्णांत घराण्याचा इतिहास नसतोच, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो.

डागाच्या रंगावरून मात्र फार काही काढू नका. कातडीखाली आलेल्या लाल पेशी फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन मोडत जातं, आधी हिरवट बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन, आणि उरलेल्या लोहाचा तपकिरी ठसा. क्रम ठीक आहे, पण त्याचा वेग माणसागणिक आणि जागेगणिक बदलतो. "हा डाग तीन दिवसांचा आहे" असं रंगावरून छातीठोकपणे कुणी सांगत असेल, तर ते अंदाजपंचे आहे.

काही चित्रं अशी आहेत की त्यांना या उत्तराचा काही उपयोग नाही. त्यांनी थेट दवाखाना गाठायचा. ताप आहे आणि न दबणारे डाग तासातासाला पसरत आहेत: मेनिंगोकॉकससारखा जंतू रक्तात शिरलेला असू शकतो, तिथे तास मोजावे लागतात. डाग आणि सोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या, झापड किंवा बोलण्यात गोंधळ. काळी शी किंवा लघवीतून रक्त. तोंडात रक्ताचे फोड. प्लेटलेट कमी आणि त्याच वेळी हिमोग्लोबिन उतरलेलं, कावीळ, वागण्यात फरक, आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, फाटलेल्या लाल पेशी: हा टीटीपी असू शकतो, म्हणजे बारीक नसांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपत जाणारा आजार. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलल्याशिवाय यात दहापैकी नऊ जण दगावत असत, आणि नुसत्या प्लेटलेट चढवण्याने तो बिघडण्याची भीती असते. एकाच वेळी ठिपके, मोठे डाग आणि सुई टोचलेल्या जागांमधून पाझर, हे चित्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचं असू शकतं; त्यात संशय आला की पक्क्या निदानाची वाट न पाहता रेटिनोइक ॲसिडच्या गोळ्या सुरू करतात, कारण मेंदूतला रक्तस्राव वाट बघत नाही.

आता बोलण्याकडे. "तुम्हाला रक्त जास्त जातं का?" हा निरुपयोगी प्रश्न आहे. निरोगी माणसं हमखास "हो" म्हणतात, आणि ज्यांना खरोखर आजार आहे ती "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या घरात सगळ्यांचं तसंच असतं. तुमचंच वाक्य बघा: "आमच्याकडे सगळ्यांचंच तसं आहे." हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. घरातल्या सगळ्या बायकांना सारखंच जास्त जातं, याचा अर्थ ते नॉर्मल आहे असा होत नाही. त्या घरात काहीतरी वारशाने चालत आलेलं असू शकतं.

म्हणून मी प्रसंग विचारते. घोळणा फुटला तर किती वेळ वाहतो, दहा मिनिटांच्या वर जातो का, दोन्ही नाकपुड्यांतून येतं का? (एकाच नाकपुडीतून दर वेळी येत असेल तर दोष रक्तात नाही, नाकात असतो.) दाढ काढली तेव्हा काय झालं? टॉन्सिल, सिझेरियन, बाळंतपण? कधी रक्त चढवावं लागलं का, परत टाके घालायला नेलं का? शरीराची परीक्षा अशा प्रसंगांतच होते, आणि दाढ काढणं ही त्यातली सगळ्यात कडक. तिथे उघडं हाड असतं, लाळेत गुठळी विरघळवणारी द्रव्यं असतात, जीभ सारखी तिथेच जाते. दोन-तीन दाढा काढून आणि एखादं मोठं ऑपरेशन होऊन काहीच झालं नसेल, तर जन्मजात मोठा दोष जवळपास बादच होतो. उलट ज्या माणसाची कधी परीक्षाच झाली नाही, त्याच्या "मला काही त्रास नाही" याला फार अर्थ नाही. या प्रश्नांना गुण देण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे. तिच्यात प्रौढ पुरुषांत ४, बायकांत ६ आणि मुलांत ३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासायचं.

पाळीबद्दल विचारतानाही "जास्त जातं का" असं विचारून भागत नाही. सात दिवसांच्या वर चालते का, सुरुवातीच्या दिवसांत तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात का, रात्री अंथरूण खराब होतं का, लोहाच्या गोळ्या कधी घ्याव्या लागल्या का. आणि वयात आल्यावर पहिल्याच पाळीपासून असं होतं का. गर्भाशयातल्या गाठींमुळे जाणारं रक्त बहुधा पुढच्या वयात वाढतं. रक्ताचा दोष पहिल्या पाळीलाच तोंड दाखवतो.

तुमची डोकेदुखीची गोळी कोणती, तेही सांगायला हवं होतं. तिचं वेष्टन उलटून बारीक अक्षरं वाचा. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ॲस्पिरिन असतं. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवं बनवू शकत नाही. म्हणून एका गोळीचा परिणाम जुन्या प्लेटलेट मरून नव्या येईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. आठवड्याला एक गोळी घेणारी बाई प्रत्यक्षात कायम ॲस्पिरिनच्या अंमलाखाली असते, आणि "मी काही रोज घेत नाही" असं सांगत असते. आयब्युप्रोफेनचा परिणाम सुमारे दिवसभरात ओसरतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या, स्टिरॉइड (पोटात घेतलेलं, फवारलेलं किंवा मलमातून लावलेलंही), माशाच्या तेलाच्या आणि गिंकोच्या कॅप्सूल, यांनीही निळं पडणं वाढू शकतं. सांधेदुखीवरच्या पुड्या आणि "पूर्णपणे नैसर्गिक" चूर्णं मी नेहमी मागून घेते. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याचे अनुभव थोडे नाहीत. मात्र हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी डाग दिसले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. निळ्या डागाने माणूस मरत नाही, स्टेंट बंद पडल्याने मरतो.

एवढं झाल्यावर फाइल उघडायची. सीबीसी प्लेटलेट मोजतं, त्या काम करतात की नाही हे सांगत नाही. हजेरीपट बघून दिवसभरात काम किती झालं ते कळत नाही, तसंच. पीटी आणि एपीटीटीत रक्तातला नुसता प्लाझ्मा घेतात, त्यात गोठण सुरू करणारी रसायनं घालतात, आणि किती सेकंदांत गोठतं ते मोजतात. म्हणजे त्या नळीत नस नाही, कोलॅजन नाही, प्लेटलेटही जवळपास नाहीत. कच्च्या बांधाचा भाग तपासणीच्या बाहेरच राहिला. शिवाय गुठळी दिसू लागली की घड्याळ थांबतं. ती पुढे टिकते की दोन तासांत विरघळते, याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. फॅक्टर तेरा अजिबात नसलेल्या बाळाची नाळ गळताना रक्त थांबत नाही, आणि त्याचे पीटी-एपीटीटी दोन्ही चोख येतात. एपीटीटी तर एखादा फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत तक्रारच करत नाही. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल असूनही रक्तस्रावाचा आजार असणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. वारशाने येणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळणारा आजार नेमका असाच निसटतो.

तो आजार फॉन विलेब्रांड यांच्या नावाचा. १९२६ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलांड बेटांवरच्या एका मोठ्या कुटुंबाची हकिगत छापली. त्या घरातली एक छोटी मुलगी त्यांच्याकडे तपासणीला आली होती. तिची भावंडंही रक्तस्रावाने बेजार होती. हिमोफिलिया सहसा मुलग्यांना छळतो. इथे मुलीही तितक्याच भोगत होत्या, आणि प्लेटलेट तर पुरेशा होत्या. ती मुलगी पुढे १३ व्या वर्षी, तिच्या चौथ्या पाळीत रक्तस्राव होऊन गेली. आज आपल्याला कळतं की त्या घरात एक चिकट प्रथिन कमी होतं, जे प्लेटलेटला फुटलेल्या नसेशी जोडतं आणि फॅक्टर आठला सांभाळून नेतं. सौम्य प्रकारात फॅक्टर आठ फारसा उतरत नाही, म्हणून एपीटीटी नॉर्मल येतो. अशी माणसं ठणठणीत दिसतात, निळी पडतात, घोळणा फुटतो, पाळीत जास्त जातं, आणि दाढ काढल्यावर रात्र जागवतात.

आता उलट बाजू. रिपोर्ट बिघडलेला आणि माणूस चांगला, हेही मी आठवड्याला बघते. सीबीसीच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या पुंजक्याला मोजत नाही आणि ४०,००० असा आकडा छापतं. स्मिअरच्या काचेवर पुंजके दिसतात, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजलं की आकडा वर येतो. अंगावर एकही डाग नाही आणि प्लेटलेट एकदम तळाला, असं दिसलं की घाबरण्याआधी काच बघायला सांगा. तसंच एपीटीटीची नळी खुणेपर्यंत भरली नसेल, किंवा रक्त पातळ करणारं हेपारिन ज्या नळीतून चालू आहे तिच्यातूनच रक्त घेतलं असेल, तर वेळ खोटी वाढते. फॅक्टर बारा नसलेल्यांचा एपीटीटी भयंकर लांबतो आणि त्यांना रक्तस्राव अजिबात होत नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाच्या अँटिबॉडी असलेल्यांचाही लांबतो; त्यांच्यात तर उलट नको तिथे गुठळ्या होण्याचा धोका असतो. बोट किंवा कान टोचून केलेल्या बीटी-सीटीबद्दल (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) एवढंच सांगते की मी तो आकडा वाचतच नाही.

प्लेटलेटच्या आकड्याबद्दलही एक गैरसमज. नॉर्मल म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण १,५०,००० ते ४,५०,०००. पण १,१०,००० आकड्याने कुणी निळं पडत नाही. ५०,००० च्या वर सहसा मार लागल्याशिवाय काही दिसत नाही, आपोआप रक्तस्राव होण्याची खरी भीती १०,००० ते २०,००० च्या खाली. त्यामुळे ९०,००० प्लेटलेट आणि तळहाताएवढे डाग अशी जोडी असेल तर दुसरं कारण शोधायचं. उलट चार-पाच वर्षांचं मूल, दोन आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेलेला, रात्रीतून अंगभर ठिपके, प्लेटलेट ८,०००, आणि मूल खेळतं आहे: हा बहुधा आयटीपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच प्लेटलेट मारणं. बाकीचा सीबीसी आणि स्मिअर स्वच्छ असेल आणि तोंडा-नाकातून रक्त नसेल तर यात कित्येकदा औषधही लागत नाही. बहुतेक मुलं सहा महिन्यांत आपसूक बरी होतात. आईबापांना आकड्याकडे न बघता मुलाकडे बघायला शिकवणं, यातच माझा निम्मा वेळ जातो. मोठ्या माणसांत मात्र आयटीपी रेंगाळतो, आणि तिथे एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, ल्युपस, यकृत-प्लीहा, औषधं हे सगळं आधी पाहून घ्यावं लागतं.

वयस्कर माणसांच्या हातांच्या पाठीवर आणि कोपराखाली जे गडद जांभळे, नकाशासारखे पट्टे उठतात, ते बहुतेक निरुपद्रवी. उन्हाने आणि वयाने कोलॅजन झिजलेलं असतं, नसेला टेकू राहत नाही. पण यामुळेच एक आजार निसटतो. बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ आठवतात. रक्त तपासायला सुई टोचली आणि दोन दिवसांत कोपरापासून मनगटापर्यंत हात काळाठिक्कर. "वयाने होतं असं" म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं गेलं होतं. आयुष्यात दोन ऑपरेशनं निर्धोक झालेली, म्हणजे दोष जन्मजात नाही. प्लेटलेट नॉर्मल, पीटी नॉर्मल, एपीटीटी दुपटीने लांबलेला. त्यांचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्म्यात अर्धाअर्धा मिसळून पुन्हा चाचणी केली. नुसता फॅक्टर कमी असता तर वेळ सुधारली असती. ती सुधारली नाही. म्हणजे त्यांच्या रक्तात फॅक्टर आठला मारणारी अँटिबॉडी तयार झाली होती. याला मिळवलेला हिमोफिलिया म्हणतात. तो म्हातारपणी किंवा बाळंतपणानंतर अवचित येतो. कुणी हातात साकळलेलं रक्त कापून काढायला गेलं असतं तर थांबवणं मुश्कील झालं असतं.

काही कारणं पथ्यपाण्यातली असतात. एकटं राहणारी म्हातारी माणसं, फळं-भाज्या टाळून दोन-तीनच पदार्थांवर जगणारी मुलं यांना आजही स्कर्व्ही होतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी रक्ताचा ठिपका, केस पिळलेले, हिरड्या सुजलेल्या, आणि सगळे रक्त-रिपोर्ट नॉर्मल. क जीवनसत्त्व दिलं की काही दिवसांत फरक दिसतो. के जीवनसत्त्व कमी पडलं तर पीटी आधी लांबतो. दीर्घकाळ अँटिबायोटिक आणि जेवण बंद, पित्तनलिका तुंबलेली, किंवा उंदराचं औषध पोटात गेलेलं, या तीन गोष्टी मी तिथे विचारते.

मुलांबद्दल एक गोष्ट टाळून चालणार नाही. चालायला लागलेल्या मुलाच्या नडग्या आणि कपाळ निळं नसेल तरच नवल. पण जे बाळ अजून सरकतही नाही त्याच्या अंगावरचा एक छोटासा निळा डागही बिनमहत्त्वाचा नसतो. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही, आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला छाती-पोट-पाठ, कान, मान, गालाचा मऊ भाग, पापणी अशा जागी डाग असेल, किंवा डागाला बोटांचा, पट्ट्याचा, चाव्याचा आकार असेल, तर दोन शोध एकदमच घ्यावे लागतात: रक्ताचा दोष आहे का, आणि कुणी मारतं आहे का. हिमोफिलियाच्या मुलाच्या आईबापांवर खोटा आळ आल्याची उदाहरणं आहेत, आणि "याला रक्ताचा आजार असेल" म्हणून मार खाणारं मूल त्याच घरी परत गेल्याचीही. एकाचं निदान झालं म्हणून दुसरं आपोआप खोटं ठरत नाही. पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मापासून असलेले निळसर-राखाडी चट्टे मात्र डाग नव्हेत. ते रंग बदलत नाहीत आणि वयाबरोबर फिके होतात. मोठ्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही कुणी मारतं का, हा प्रश्न मी एकांतात, सोबतच्या नातेवाइकाला बाहेर बसवून विचारते. तुमचं पत्र वाचताना तसं काही जाणवलं नाही, तरी समोर असता तर विचारलंच असतं.

तर तुमच्यासाठी. डोकेदुखीच्या गोळीत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखं काही असेल तर दोन आठवडे बंद ठेवा, लागलंच तर पॅरासिटामॉल. गोळी थांबल्यावर डाग कमी झाले तर गोळीचा हात होता हे कळेल. पण तेवढ्याने दाढ आणि पाळी सुटत नाहीत, म्हणून तपासणी तिथेच सोडू नका. रक्तविकारतज्ज्ञांकडून फॉन विलेब्रांड प्रथिनाचं प्रमाण, त्याचं प्रत्यक्ष काम आणि फॅक्टर आठ, ही तिन्ही एकत्र करून घ्या. जोडीला फेरिटिन आणि स्मिअर, कारण हिमोग्लोबिन नॉर्मल दिसत असतानाही पाळीमुळे लोहाचा साठा तळाला गेलेला असतो.

फॉन विलेब्रांडची चाचणी लहरी आहे, हे माहीत असू द्या. ताप, धावपळ, सुईची भीती, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, या सगळ्यांनी प्रमाण वर जातं आणि सौम्य आजार झाकला जातो. 'ओ' रक्तगटात ते मुळातच सुमारे २५ टक्के कमी असतं. म्हणून एकदा नॉर्मल आलं आणि कहाणी एवढी बोलकी असली, तर मी पुन्हा करते. ३० टक्क्यांच्या खाली आलं तर निदान पक्कं. ३० ते ५० च्या मध्ये आलं तरी तुमच्यासारखा इतिहास असेल तर आजार आहे असंच धरतात. ते सगळं नॉर्मल निघालं तर प्लेटलेटच्या कामाची चाचणी, तीही गोळी थांबवून दोन आठवडे झाल्यावरच, नाहीतर रिपोर्टात गोळीच दिसेल. त्याही नॉर्मल येऊ शकतात. रक्तस्राव खरा, चाचण्या सगळ्या चोख, अशी माणसं माझ्याकडे बरीच आहेत; त्यांना मी "काही नाही" म्हणत नाही, ऑपरेशनच्या वेळी बाकीच्या रुग्णांइतकीच त्यांची तयारी करते. गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध पाळीलाही चालतं आणि दाढेलाही.

निकाल हाती येईपर्यंत दाढ, चामखीळ, स्नायूत घ्यायचं इंजेक्शन, असलं काही ठरलं असेल तर आधी त्या डॉक्टरांना बारा वर्षांपूर्वीची रात्र सांगा. आईला आणि मावशीला त्यांच्या बाळंतपणांबद्दल विचारून कागदावर लिहून आणा. आणि ज्यांनी टाका घातला ते दंतवैद्य अजून सापडत असतील, तर त्या दिवशीची नोंद मागून घ्या. गोळी तेव्हाही घेत होतात का, हे त्यात कदाचित लिहिलेलं असेल.